रत्नागिरीहून त्सो करला: समुद्रकाठच्या माणसाने मिठाच्या माळावर कसं जावं

मिठाच्या पांढऱ्या सपाटीवर मधोमध उभी जीप आणि खाली पाण्यात उलटं आभाळ. हा फोटो ग्रुपवर फिरला की कोणीतरी विचारतंच, "लडाखात हे कुठे येतं?" कुठेच येत नाही. तो फोटो बहुतेक वेळा बोलिव्हियातल्या सालार दे उयुनीचा असतो. साधारण ३,६५० मीटर उंचीवरचं ते मिठाचं मैदान १०,००० चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आपला अख्खा रत्नागिरी जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल. मिठाचा थर तिथे इतका जाड आहे की कोरड्या दिवसांत त्यावरून गाड्या सर्रास धावतात.

आपल्या देशात इतक्या उंचीवर गाडीने जाऊन असं काही बघायचं तर लडाखच्या चांगथांग पठारावरचं त्सो कर हे खाऱ्या पाण्याचं तळं. उंची सुमारे ४,५३० मीटर. उयुनीपुढे आकाराने किरकोळ, पण उंचीत त्याच्यावर जवळजवळ ९०० मीटर. शेजारी स्टार्टसापुक त्सो नावाचं गोड्या पाण्याचं छोटं तळं आहे. त्याचं पाणी त्सो करमध्ये येतं आणि तिथून पुढे त्याला वाट नाही. उन्हावाऱ्याने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि काठाला पांढरे पट्टे धरतात. पूर्वी इथले चांगपा पशुपालक हे मीठ गोळा करून विकायचे. २०२० साली या दोन्ही तळ्यांच्या परिसराला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

आता आपलं बघू. आपण जन्मभर समुद्रसपाटीवर राहिलेली माणसं. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढला की आपल्याला उंचावर आल्यासारखं वाटतं. त्यामुळे या प्रवासात गाडी, रस्ता, पैसा हे सगळं दुय्यम. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं, एवढं आधी ठरवा. बाकीचं वेळापत्रक त्याच्याभोवती आपोआप बसतं.

कधी निघायचं

दोनच खिडक्या. पहिली जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. आंब्याचा हंगाम संपलेला असतो, होमस्टे रिकामे पडतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. लावणीचं काम ज्यांच्या गळ्यात आहे त्यांना मात्र ही खिडकी जमत नाही. त्यांनी गणपती पोचवून सप्टेंबरात निघावं. आभाळ तेव्हा जास्त स्वच्छ असतं आणि गर्दीही कमी, फक्त रात्री बोचऱ्या थंड होतात.

जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट टाळा. लडाख पर्जन्यछायेत आहे हे खरं, पण तिथपर्यंत नेणारे रस्ते हिमाचल आणि काश्मीरमधून जातात. तिथे पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि तुम्ही एखाद्या ढाब्यावर दोन-दोन दिवस अडकता.

सुट्टी तीन आठवड्यांची हवी. रत्नागिरी ते श्रीनगर अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास आहे. रोज पाचशे धरले तरी पाच दिवस तिथेच जातात. एवढी रजा नसेल तर स्वतःच्या गाडीचा हट्ट सोडा. मंगला एक्स्प्रेसने दिल्ली गाठा, पुढे श्रीनगरला जा आणि तिथून लेहपर्यंत टॅक्सी करा. विमानाने थेट लेहला उतरायचं असेल तर पहिले दोन पूर्ण दिवस खोलीतच काढायची तयारी ठेवा. सकाळी मुंबईत आणि दुपारी ३,५०० मीटरवर, हे शरीराला सहज पचत नाही.

श्रीनगरहून जा, मनालीहून परत या

इथे मी अडून बसतो. लेहला जायला दोन मोठे रस्ते आहेत. मनालीचा जास्त देखणा आहे असं सगळेच सांगतात, आणि ते खोटं नाही. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा घाटही चढावा लागत नाही. पण उंचीचा हिशोब बघा. केलाँग सुमारे ३,१०० मीटर, जिस्पा त्याहून थोडं वर. पुढची रात्र बहुतेक लोक सारचूला काढतात, म्हणजे ४,२९० मीटरवर, तेही ४,८९० मीटरचा बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून. एका दिवसात झोपायची जागा हजार मीटरने वर गेली. सारचूच्या तंबूत रात्रभर डोकं धरून बसलेली माणसं भेटतात ती यामुळेच.

श्रीनगरचा रस्ता सावकाश चढवतो. श्रीनगर १,६०० मीटर, कारगिल २,७००, लेह ३,५००. मध्ये झोजी ला आणि ४,१०८ मीटरचा फोटू ला लागतो, पण तिथे झोपायचं नसतं, चढून उतरायचं असतं. ३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे. श्रीनगरहून गेलात तर तो बऱ्यापैकी पाळला जातो. जाताना एक रात्र सोनमर्गला काढली तर आणखी बरं. येताना शरीर तयार झालेलं असतं, तेव्हा मनालीचा रस्ता हवा तेवढा डोळे भरून बघा.

गाडी

एमएच ०८ असो की एमएच ०७, कोकणातल्या गाडीचा पहिला शत्रू गंज. खाऱ्या हवेत उभी राहणारी गाडी खालून काय अवस्थेत आहे हे मालकाला ठाऊक नसतं. निघायच्या महिनाभर आधी गाडी रॅम्पवर चढवून सायलेन्सरचे हँगर, ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनचे बोल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल बघून घ्या. लेह-मनाली रस्त्यावरच्या मोरे मैदानात सायलेन्सर गळून पडला तर वेल्डिंगवाला शोधायला लेह गाठावं लागेल.

दुसरी गोष्ट रेडिएटर. आपल्याकडे थंडी नाही, त्यामुळे कूलंट कमी झालं की बाटलीतलं साधं पाणी ओतायची सवय आहे. वर्षानुवर्षं असं केलं की आत नावालाच कूलंट उरतं. त्सो करला जूनमध्येही रात्री पारा शून्याजवळ जातो, सप्टेंबरअखेरीस शून्याखाली. पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. सगळं काढून योग्य प्रमाणातलं नवं कूलंट भरून घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही बदला.

टर्बो असलेल्या गाडीला उंचीवर फार जाणवत नाही. साध्या पेट्रोल इंजिनची ताकद मात्र ४,५०० मीटरवर तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते. गाडी बिघडलेली नसते, तिलाही हवा पुरत नसते. चढावर पहिला-दुसरा गिअर, मागे रांग लागली तर बाजूला घेऊन जाऊ द्यायचं. चार माणसं आणि टपावर सामान अशी छोटी गाडी तांगलांग लाच्या चढावर खूप रडवते.

टायरच्या हवेचा गोंधळ बहुतेकांचा होतो. बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेजवरचा आकडा वर चढतो, आणि थंडीमुळे तोच आकडा खाली येतो. रत्नागिरीत ३३ भरून निघालात तर त्सो करला थंड सकाळी ३५-३६च्या आसपास दिसेल. दुपारी गरम टायरवर ४० दिसले म्हणून घाबरून हवा सोडू नका. रोज सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजा. हवा भरायचा पंप, पंक्चरचं किट आणि पूर्ण हवेची स्टेपनी सोबत असू द्या.

स्वतःच्या नावाची खासगी गाडी चालते. बाहेरून भाड्याने घेतलेली गाडी किंवा बाइक लेहच्या पुढे फिरवायला गेलात तर तिथल्या युनियनचे लोक अडवतात. भाड्यानेच फिरायचं असेल तर लेहमध्ये, लडाखच्याच नंबरची घ्या.

पिशवीत काय

आपल्या घरात लोकरीचे कपडे नसतात. असलेच तर महाबळेश्वरला घेतलेला एखादा स्वेटर. एक जाड जाकीट घालण्यापेक्षा आतून थर्मल, त्यावर फ्लीस आणि वर वारा अडवणारं कवच असे तीन थर घ्या. दुपारी उन्हात टी-शर्ट पुरतो आणि ढग आला की दोन मिनिटांत हात गारठतात, म्हणून काढता-घालता येणारं हवं. कानटोपी आणि हातमोजे विसरू नका.

ऊन कोकणासारखं घाम काढत नाही, म्हणून लोक फसतात. हवा विरळ, अतिनील किरणं जास्त, आणि खालून मीठ तेच ऊन परत तोंडावर फेकतं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेला भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. यूव्ही रोखणारा चांगला गॉगल, जास्त एसपीएफचं क्रीम, ओठांना बाम. खोबरेल तेलावर विसंबू नका, ते बाटलीत दगड होऊन बसतं.

खाण्याचं बोलायचं तर कोकमाच्या आगळाची बाटली जरूर घ्या. पाणी, आगळ, साखर, चिमूटभर मीठ: तोंडाला चव नसताना हे घशाखाली उतरतं आणि पाणी पोटात जात राहतं. मेतकूटही न्या. उकडा तांदूळ घरीच ठेवा. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, साध्या पातेल्यात भात टचटचीत राहतो. कुकर असेल तरी घरच्यापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त धरा. सुकट आणि सोडे? बंद तंबूत, शेजारी कोणाला तरी आधीच मळमळतंय. नकोच. फरसाण-वेफर्सची पाकिटं वर चढताना फुग्यासारखी टम्म फुगतात, एखादं फट्कन फुटलं तर टायर फुटला म्हणून ब्रेक मारू नका.

आपल्याकडचं प्रीपेड सिम काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. घरातल्या कोणाचं तरी पोस्टपेड घ्या. त्सो करच्या भागात त्याचाही भरवसा नाही. नेटवर्क नाही म्हणजे यूपीआयही नाही, तेव्हा लेहच्या एटीएममधून पुरेशी रोख काढून घ्या.

लेहमधले तीन दिवस

पोचलात की गाडी लावा आणि झोपा. पहिला दिवस जेवण, पाणी, आराम. जिना चढताना धाप लागेल, ती लागणारच. दुसऱ्या दिवशी बाजारात हळू फेरफटका. तिसऱ्या दिवशी शे, ठिकसे, हेमिस हे मठ बघत सिंधूच्या काठाने फिरून या. दुसऱ्याच दिवशी लेहच्या वरच्या खारदुंग ला खिंडीत जाऊन फोटो काढणारे खूप असतात. त्यांना जाऊ द्या.

दारू नको, झोपेची गोळीही नको. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, किती घ्यायची हे निघण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा. ही गोळी घेतली की बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने बिचकू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी डॉक्टर स्पष्ट हो म्हणेपर्यंत बेत करू नये. लहान पोरांना त्सो करला मुक्कामाला नेऊ नये, असं माझं मत आहे. पाच वर्षांच्या मुलाला डोकं कसं दुखतंय ते नीट सांगता येत नाही.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सगळ्यांकडे असतं. लेहमध्ये त्यावर नव्वदच्या खालचे आकडे धडधाकट माणसाचेही दिसतात. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. डोकेदुखी, भूक मेलेली, मळमळ, झोप न लागणं: ही सुरुवात. इथे वर जाणं थांबवायचं, आहे तिथेच राहायचं. बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर, किंवा दारू न पिता झोकांड्या जाणं: इथे थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं. शंका आली तर माणसाला फरशीच्या रेघेवरून टाचेला पंजा लावत चालायला सांगा. तोल गेला की चर्चा बंद. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मृती रुग्णालयात उंचीच्या आजाराचे रोगी रोजचेच, तिथे जायला लाजू नका.

त्सो करची फेरी

लेहहून त्सो कर जवळच्या रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. उपशीला वळायचं, रुम्त्से, मग ५,३०० मीटरहून उंच तांगलांग ला, खाली डेब्रिंग आणि तिथून डावीकडे. एका दिवसात जाऊन येता येतं, पण दमछाक होते.

मला पटतो तो उलटा गोल. लेहमध्ये किंवा कारूला टाकी गच्च भरा, कारण पूर्ण फेरी चारशे किलोमीटरच्या आसपास होते आणि पुढे पंपाच्या भरवशावर राहता येत नाही. उपशीहून सिंधूच्या काठाकाठाने चुमाथांगला जा. उंची ४,००० मीटरच्या जवळपास, नदीच्या काठावर गरम पाण्याचे झरे. ही मधली रात्र फार मोलाची आहे, ३,५०० वरून थेट ४,५०० वर उडी पडत नाही. दुसऱ्या दिवशी माहे पुलावर ओळखपत्रं दाखवून सुमदोला, तिथून पुगाच्या खोऱ्यातून, जमिनीतून वाफा निघताना बघत, पोलोकोंगका ला चढून त्सो करला. परवान्यांचे आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असतात. निघायच्या आठवड्यात लडाख प्रशासनाच्या पोर्टलवर बघून जे लागेल ते भरा आणि पावती छापून ठेवा.

वाटेतले पऱ्हे, म्हणजे तिथल्या भाषेत नाले, सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळतं आणि सकाळी घोटाभर असलेलं पाणी चढतं. पावसात पाणी कधी वाढतं हे आपल्याला कळतं, इथे मात्र लख्ख उन्हात वाढतं. सीमा सडक संघटनेच्या हिमांक प्रकल्पाच्या पाट्या रस्त्याला सोबत करतात. त्यांतले विनोद बरे असतात, वळणावर मात्र वाचू नका.

तळं दिसलं की सगळ्यांना एकच सुचतं: गाडी खाली घालूया. घालायची नाही. एक तर हे अभयारण्य आणि रामसर क्षेत्र आहे, टायरची चाकोरी अशा जमिनीवर वर्षानुवर्षं राहते. दुसरं कारण कोकणच्या माणसाला लवकर पटेल. मुरूडच्या किंवा काशीदच्या पुळणीवर ओहोटीला गाडी उतरवून ती रुतवणारे पाहुणे आपण दरवर्षी बघतो आणि हसतो. वरून टणक, खाली ओलं. मिठाचा पापुद्राही तसाच असतो, फक्त इथे ट्रॅक्टर घेऊन धावून येणारं गाव जवळ नाही.

रस्त्याच्या कडेला गाडी लावा आणि पायवाटेने चालत जा. जवळून बघितलं तर पापुद्रा एकसंध नसतो. त्याला वेड्यावाकड्या चौकटी पडलेल्या असतात, प्रत्येकीच्या कडा वर वळून ठिसूळ झालेल्या. बोटाने दाबलं की कुरकुरत मोडतात आणि खाली राखाडी, ओला, थंड चिखल दिसतो. चव बघायचा मोह होईल. हे ताटातलं मीठ नव्हे, यात इतरही क्षार आहेत, जीभ कडवट होते.

मेच्या सुमारास इथे काळ्या मानेचे क्रौंच येतात आणि तळ्याच्या दलदलीत घरटी करतात. हा लडाखचा राज्यपक्षी. दुर्बीण न्या आणि लांबूनच बघा. उठवलेला पक्षी अंडी उघडी टाकून जातो. ड्रोन तर नकोच. माळावर कियांग, म्हणजे जंगली गाढवांचे कळप दिसतील. गाडी बघून ते समांतर धावू लागतात आणि ड्रायव्हरला शर्यतीची हुक्की येते. अशा हवेत त्यांना पळवणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

मुक्कामाला थुक्जे गावाच्या बाजूला तंबू आणि साधी घरगुती सोय मिळते. मात्र राहायचं की नाही हे दुपारी तीनच्या आत ठरवा, कारण त्सो करची एक मोठी अडचण नकाशावर चटकन दिसत नाही. हा खोलगट माळ आहे. इथून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. लेहकडे तांगलांग ला, सिंधूकडे पोलोकोंगका ला, मनालीकडे पांगच्या पुढे लाचुंग ला. रात्री दोन वाजता कोणाची तब्येत बिघडली तर अंधारात, बर्फाळ हवेत ५,००० मीटरच्या आसपासची खिंड पार करूनच खाली जाता येतं. म्हणून दुपारी एकाचंही डोकं दुखत असेल, जेवण नको वाटत असेल, तर उजेड आहे तोवर निघा. आलोच आहोत तर राहूया, हा युक्तिवाद इथे चालवून घेऊ नका. ऑक्सिजनचा छोटा कॅन म्हणजे उपचार नव्हे, तो काही मिनिटांत संपतो.

राहिलात तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवू नका, पाण्याची बाटली पांघरुणात घ्या आणि सकाळी इंजिन दोन मिनिटं शांतपणे चालू देऊनच हलवा. कचरा, अगदी ओल्या टिश्यूसकट, परत लेहला न्या. तिथे उचलायला कोणी येत नाही.

परतीचं

त्सो करहून थेट मनालीकडे निघायचं तर डेब्रिंगहून मोरे मैदानाचा सरळसोट रस्ता लागतो. पांगला जेवून लाचुंग ला, नाकी ला, गाटा लूप्सची २१ वळणं, सारचू, बारालाचा ला. एका दमात जिस्पा किंवा केलाँग गाठायचं असेल तर पहाटे निघा आणि इंधन लेहमध्येच पुरेसं घेतलेलं असू द्या, कारण या बाजूला भरवशाचा पंप म्हणजे केलाँगच्या पुढे तांदीला. सारचूला संध्याकाळ झाली तर मात्र तिथेच थांबा, रात्री बारालाचा चढू नका. आता शरीर सरावलेलं असतं, पहिल्यांदा येणाऱ्याइतका त्रास होत नाही.

मनालीत गाडी खालून धुऊन घ्या. क्षाराची माती आपल्याकडच्या दमट हवेत आली की पत्रा खायला लागते. ब्रेक पॅड आणि अलाइनमेंटही तिथेच दाखवा. आणि जूनमध्ये गेला असाल तर घरी येईपर्यंत मुंबई-गोवा महामार्गावर धो धो पाऊस असतो. पनवेलला रात्र झाली तर तिथेच झोपा, कशेडी आणि परशुराम घाट सकाळी उतरा.